कोकणात उतरायचे कुठे?

मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी दृष्टिपथात आली की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील मध्यमवर्गीय घरांमधून कोकणचे बेत शिजू लागतात. पूर्वी या बेतातील अवघड भाग एकच असे, तो म्हणजे गाडीचे तिकीट. रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. पण तिकिटाची विवंचना त्यामुळे संपली, असे कोणी म्हणणार नाही. आता तिच्या जोडीला दुसरी विवंचना आली आहे. उतरायचे कुठे?

एके काळी याचे उत्तर सोपे होते. ज्याचे गाव कोकणात, तो गावच्या घरी जाई. ज्याचे नाही, तो गणपतीपुळ्याला किंवा तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाच्या निवासात जागा मिळते का ते पाही, नाहीतर कोणाच्या तरी ओळखीने एखाद्या घरगुती खाणावळीत पथारी पसरी. आज अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या गावागावांत पाट्याच पाट्या दिसतात. रिसॉर्ट, कॉटेज, व्हिला, कृषी पर्यटन, होमस्टे. मोबाइलवरील छायाचित्रे पाहून निवड करावी, तर सगळ्यांचा पोहण्याचा तलाव सारखाच निळा, सगळ्यांची चादर सारखीच पांढरी आणि चादरीवर टॉवेलचा केलेला हंसही तोच. दापोलीला उतरलो की दमणला, हे खोलीत बसून सांगता येऊ नये, अशी ही व्यवस्था आहे.

वरकरणी हा ज्याच्या त्याच्या आवडीचा आणि खिशाचा प्रश्न. तो तेवढाच राहिलेला नाही, याची कारणे २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांतील घडामोडींत आहेत. राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये कोकण किनाऱ्यावरील १०५ गावांत तेरा विकास केंद्रे उभारण्यासाठी राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले. हेच महामंडळ रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गावर खाड्यांवरील पूल बांधण्याची योजना राबवीत आहे. वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा ठिकाणी वाहने फेरीबोटीत चढवून पलीकडे जाण्याची जी सवय प्रवाशांना जडली आहे, ती या पुलांनी मोडणार आहे. त्यातच जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची मालिका जागतिक वारसा यादीत समाविष्ट केली. त्यांतील खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन किल्ले बेटांवर उभे आहेत, तर विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या मुखाशी. थळ, हर्णे, विजयदुर्ग आणि मालवण या गावांकडे आता नव्या पाहुण्यांची रीघ लागणार, हे उघड आहे. त्यांना निजावयास खोल्या लागतील. त्या कोण बांधणार, कोठे बांधणार आणि कशा बांधणार, हा कोकणपुढचा खरा प्रश्न असून त्याचे उत्तर मंत्रालयात जितके ठरेल तितकेच गिऱ्हाइकाच्या पसंतीवरही ठरेल.

या गिऱ्हाइकांत ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीचा वाटा मोठा असणे स्वाभाविक आहे. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गाने सुरू झाली, तेव्हापासून तिच्या अनेक गाड्यांना ठाणे हे चढण्याचे हक्काचे स्थानक आहे. दिवा स्थानकातून सुटणारी सावंतवाडीची गाडी ही तर डोंबिवली-कल्याणकरांना घरचीच वाटावी अशी. जून २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-मडगाव वंदे भारतही ठाण्याला थांबते. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाची कथा २०११ पासून सुरू आहे, तिच्याविषयी काही न लिहिलेलेच बरे. शिवाय ठाणे जिल्ह्याला स्वत:चा असा समुद्र फारसा उरलेला नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि केळवे, बोर्डी, डहाणू हे सारे किनारे त्याच्या वाट्याला गेले. ठाण्याकडे राहिला तो उत्तन-भाईंदर परिसराचा तुकडा. गंमत अशी की ठाण्याचे जुने गावठाण साष्टी बेटावरच वसलेले आहे. पण खाडीपुलावरून लोकलने रोज ये-जा करणाऱ्याला आपण बेटावर राहतो किंवा बेटावर कामाला जातो याची आठवण राहत नाही. त्याला समुद्र हवा असतो तो दक्षिणेचा, काळ्या कातळावर आपटणारा, हेदवीच्या बामणघळीत भरतीच्या वेळी उसळणारा, कशेळीच्या कड्याखाली घोंगावणारा.

हा किनारा गोव्याच्या कांदोळी-बागा पट्ट्यासारखा सलग आणि सपाट नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. सह्याद्रीच्या पायथ्यापासून जांभ्याचे सडे समुद्रापर्यंत धावत येतात आणि कड्यांच्या रूपाने संपतात. दोन कड्यांच्या मध्ये वाळूची एखादी पुळण, तिच्या मागे माड-पोफळीची आगरे आणि आगरांच्या पलीकडे गाव, अशी येथील रचना. गुहागरचे उदाहरण घ्यावे. समुद्राला समांतर जाणारा एक लांब रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरे आणि पश्चिमेच्या घरांमागे थेट पुळणीपर्यंत गेलेल्या वाड्या. दापोलीजवळचे महर्षी कर्व्यांचे मुरूड किंवा रायगडातील दिवेआगर येथेही थोड्याफार फरकाने हेच दिसते. घराची ओटी रस्त्याकडे आणि समुद्र परसाच्याही मागे. आज समुद्राकडे तोंड करून काचेची भिंत उभारणाऱ्याला हा जुन्या लोकांचा अरसिकपणा वाटेल. वस्तुत: तो अनुभव होता. खारा वारा, उडणारी वाळू आणि वैशाख-ज्येष्ठातील वादळे यांच्यापुढे घर उघडे ठेवायचे नसते, हे त्यांना ठाऊक होते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर आणि दापोलीच्या पट्ट्यात माड-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ने सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीला झोडपले. बागांनी वारा अंगावर घेतला म्हणून मागची घरे वाचली, असे ज्यांच्या बाबतीत घडले त्यांना जुन्या रचनेचे मोल पुस्तकातून शिकावे लागले नाही.

जागेला स्वभाव असतो तो असा. केवळ जुना पितळी हंडा दारात ठेवून, भिंतीवर वारली चित्रे काढून (ही कला ठाणे-पालघरच्या डोंगरातली, मालवणची नव्हे, याचेही भान पुष्कळदा नसते) तो आणता येत नाही. चिऱ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पडवी, ओटी, माजघर आणि पुढे सारवलेले खळे ही त्या हवामानाला त्या लोकांनी दिलेली उत्तरे आहेत. चिऱ्याची जाड भिंत दुपारचे ऊन आत येऊ देत नाही. उंच कौलांखालून गरम हवा निघून जाते. खोल पडवी आषाढातील झोडपणारा पाऊस भिंतीपासून दूर ठेवते. अशा घरात रात्री वातानुकूलन यंत्राची गरज कमी पडते. काँक्रीटचे सपाट छप्पर आणि पश्चिमेला काच असलेल्या खोलीत ते यंत्र दिवसभर चालवावे लागते, आणि मे महिन्यातील दुपारी वीज गेली की त्या खोलीतल्या पाहुण्याला देव आठवतो.

जाहिरातींतून ‘सी टच’ हा शब्द हल्ली सर्रास वापरला जातो. पाहुण्याला तो मोहात पाडतो, पण त्याचा कायदेशीर अर्थ तपासून पाहण्याजोगा आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या सीआरझेडची, पहिली अधिसूचना केंद्राने फेब्रुवारी १९९१ मध्ये काढली. तिने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामांना मज्जाव केला. २०११ च्या सुधारित अधिसूचनेने ही चौकट कायम ठेवली. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांपुरती ही मर्यादा ५० मीटरवर आणली. परंतु दाट म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकसंख्या. सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी घनता १६३ आहे आणि रत्नागिरीची दोनशेच्याही आत. तेव्हा या दोन जिल्ह्यांतील बहुतेक किनारी गावांना २०० मीटरचीच मर्यादा लागू पडते. १९९१ पूर्वीची घरे आणि रीतसर परवानगी घेतलेली बांधकामे सोडली, तर पायरीवरून थेट वाळूत उतरता येणारी नवी इमारत उभी कशी राहिली, हा प्रश्न पाहुण्याने विचारण्यास हरकत नाही. दापोली तालुक्यातील मुरूडच्या किनाऱ्यावरील रिसॉर्टची प्रकरणे २०२१-२२ पासून पर्यावरण मंत्रालय आणि हरित लवादापर्यंत गेली, त्यावरून केवढे राजकारण झाले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. अशी बांधकामे उभी राहतात, कारण त्यातील खोल्या भरतात. आणि त्या भरतात, कारण ठाण्या-मुंबईच्या पाहुण्याला खिडकीतून लाट दिसल्याखेरीज पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाही.

याच २०१९ च्या अधिसूचनेत एक तरतूद आहे, तिची चर्चा मात्र फारशी झाली नाही. मच्छीमारांसह स्थानिक समाजांना आपल्या राहत्या घरात पाहुणे ठेवून पर्यटनाचा व्यवसाय करता येईल. अट एवढीच की घराचे जोते, त्याचा आराखडा आणि दर्शनी भाग बदलता कामा नये. म्हणजे किनाऱ्यालगत पाहुणा ठेवण्याचा उजळ माथ्याचा मार्ग जुने घर आहे तसे राखण्यातून जातो. घर पाडून तेथे तिमजली इमारत बांधली की हा मार्ग बंद झाला. कायदा सहसा सौंदर्यदृष्टीच्या भानगडीत पडत नाही, परंतु येथे कायद्याने अजाणता का होईना, जुन्या घराची बाजू घेतली आहे. आतल्या सुधारणांना त्याने अडविलेले नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी कमोड हवा, खोलीला लागून न्हाणीघर हवे, ही मागणी मुळीच अवाजवी नाही आणि जोते न वाढविता ती पुष्कळ घरांत पुरी करता येते.

‘होमस्टे’ या शब्दाची मात्र पुरती रया गेली आहे. पर्यटन विकास महामंडळाची निवास व न्याहारी योजना किंवा केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची तशाच प्रकारची योजना घ्या. केंद्राच्या योजनेत घरमालकाने कुटुंबासह त्याच घरात राहणे आवश्यक आहे आणि खोल्या सहापेक्षा अधिक असता कामा नयेत. त्यामागील कल्पना स्पष्ट आहे: पाहुणा कोणाच्या तरी घरी उतरतो. आज पंधरा खोल्यांच्या इमारतीलाही होमस्टे म्हणतात; मालक नवी मुंबईत असतो आणि किल्ली रखवालदार देतो. तेव्हा निवड करताना पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की या घरात कोण राहते? दूरध्वनी कोण उचलते, एवढ्यावरूनही बरेच कळते. दुपारी दीड वाजता फोन केला आणि पलीकडून ‘जरा थांबा हं, पानं वाढत्येय’ असे उत्तर आले, तर जागा बरी असण्याचा संभव पुष्कळ.

दुसरा प्रश्न पाण्याचा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि एप्रिल उजाडताच वाड्यावाड्यांतून टँकरची मागणी सुरू होते. जांभा सच्छिद्र, पडलेले पाणी तो धरून ठेवत नाही, समुद्राला देऊन टाकतो. किनाऱ्यावरील पुळणीत गोड्या पाण्याचा थर उथळ असतो आणि उपसा वाढला की त्यात खारे पाणी शिरते. एकदा विहीर मचूळ झाली की ती पुन्हा गोड होण्यास काही पावसाळे जावे लागतात, आणि शेजारच्या आगरातील पोफळी तोवर थांबत नाहीत. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल अशा मध्यम तलावात सुमारे साठ हजार लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. समोर अरबी समुद्र असताना मे महिन्यात हा तलाव भरावयाचा आणि त्याच गावातील बायकांनी हंडे घेऊन टँकरची वाट पाहावयाची, हे चित्र कोणाही सुजाण पाहुण्याला खटकावयास हवे. डोंबिवलीकराला तरी ते विशेष समजावे. २७ गावांतील पाणीटंचाईच्या बातम्या तो वर्षानुवर्षे वाचत आला आहे. सांडपाण्याचेही तसेच. विहिरीपासून शोषखड्डा किती दूर आहे, हे विचारल्याने यजमान रागावेल अशी भीती वाटते. परंतु ज्याने ते नीट केले आहे तो उलट कौतुकाने दाखवितो.

जेवणाबाबत शहरी पाहुण्याचा हट्ट हा एक स्वतंत्र विषय आहे. महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तरीही जुलैच्या मुसळधार पावसात ताटात सुरमईची तुकडी हवी, असा आग्रह धरला जातो आणि यजमान बर्फातली, परप्रांतातून आलेली तुकडी तळून देतो. त्या दिवसांत कोकणी घरात जे शिजते ते अधिक चवदार असते, हे त्याला कोणी सांगत नाही. सुके बोंबील आणि सोडे, कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी, उकड्या तांदळाची पेज, घावन आणि नारळाचा रस. पाहुण्याच्या फर्माईशीनुसार पनीर बटर मसाला करून देणारी खाणावळ सोयीची खरी. पण तिच्यासाठी चारशे किलोमीटर जाण्याचे कारण नाही, ती कल्याण स्थानकाबाहेरही आहे.

हे सारे शिजविते कोण, याचाही विचार व्हावा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष मुंबई-ठाण्यात, घर आणि शेती बायकांच्या हाती, हा शंभर-सव्वाशे वर्षांचा शिरस्ता त्या आकड्यात उमटला आहे. त्यामुळे कोकणातील खरा घरगुती पाहुणचार हा बव्हंशी स्त्रियांचा उद्योग आहे. राज्य शासनाने २०२३ मध्ये महिलांसाठी ‘आई’ हे पर्यटन धोरण आणले आणि पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देऊ केला, ते योग्यच झाले. परंतु रात्री अकरा वाजता बाटल्या उघडून गाणी लावणाऱ्या आठ जणांच्या टोळक्याला आवर घालण्याचे कोणतेही कलम धोरणात नसते. ‘मद्यपान चालणार नाही’ अशी पाटी लावणाऱ्या घरांना ‘जुनाट’ ठरवून पाहुणे पुढच्या रिसॉर्टकडे वळतात. मुलाबाळांसह जाणाऱ्या कुटुंबाने ती पाटी पाहून थांबावे.

मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. तेथे जे घडले ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे या पुळणीवर अंडी घालतात आणि ती अंडी पूर्वी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साह्याने घरटी राखण्यास आरंभ केला आणि २००६ पासून पिल्ले समुद्रात सोडण्याचा कासव महोत्सव सुरू झाला. मुंबई, ठाणे, पुण्याहून माणसे येऊ लागली. गावात हॉटेल नव्हते. तेव्हा घराघरांतून पाहुण्यांची व्यवस्था झाली. ओटीवर गाद्या, पंगतीत जेवण, पहाटे आणि संध्याकाळी पुळणीवर. गैरसोय होती, पण पैसा थेट चुलीपर्यंत गेला आणि कासव जगले तर घर चालते हे गणित गावाला पटले. पुढे आंजर्ले आणि इतर गावांनीही कासवांची राखण हाती घेतली. येथेही सगळे गोडच आहे असे नाही. शनिवार-रविवारी गर्दी एवढी होते की पिल्लांपेक्षा मोबाइलच अधिक दिसतात. तरीही पाहुण्यांची संख्या घरांच्या संख्येने बांधली गेली आहे, आणि ही मर्यादाच त्या गावाला तारून नेते आहे.

मालवण तालुक्यात चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि तारकर्ली-देवबागचा पट्टा त्याचे आकर्षणकेंद्र बनला. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्या मध्ये असलेली वाळूची चिंचोळी जीभ. समुद्र ती दरवर्षी चाटतो आहे. बंधारे घातले जातात, खचतात, पुन्हा घातले जातात. येथे रापण ओढणाऱ्या कुटुंबांनी आपल्याच घराला दोन-तीन खोल्या जोडून पाहुणे ठेवले. रापणीचे मासे कमी होत चालले असताना हा आधार त्यांना मिळाला, ही मोठीच गोष्ट. पण त्यांच्या शेजारी बाहेरच्या पैशाची बांधकामे उभी राहिली, तेव्हा चढाओढीत याही घरांना मजले चढू लागले. आज तेथे उतरणाऱ्याने थोडे थांबून रापणकराचे घर शोधले तर त्याला ते मिळते. पहाटे पुळणीवर जाळे ओढले जात असेल तर दोरीला हात लावण्याचीही मुभा असते. आणखी उत्तरेस आचरे गावी तर दर काही वर्षांनी गावपळण होते. सारा गाव, गुराढोरांसह, वेशीबाहेर राहुट्यांत जाऊन राहतो आणि घरे ओस पडतात. आरक्षण करताना एवढी चौकशी केलेली बरी. मात्र त्या दिवसांत वेशीबाहेरच्या राहुटीत कोणी पाहुणा म्हणून नेलेच, तर त्याने पंचतारांकित आमंत्रणही नाकारावे.

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्वत: विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या घोडबंदर रोडच्या रहिवाशाने कोकणातल्या माणसाने मात्र कौलारू घरातच राहावे, अशी अपेक्षा का करावी? कौले शाकारणारा गडी मिळत नाही. माकडे ती फोडतात. सारवण्यासाठी शेण हवे तर गोठ्यात गाय हवी, आणि गाय सांभाळणारे हात ठाण्याला गेलेले. जुने घर टिकविणे ही हौस नसून दरवर्षीचा खर्च आहे. तो खर्च पाहुण्याने भागवावा लागेल. रिसॉर्टच्या खोलीला निमूटपणे मोजले जाणारे पैसे घरगुती खोलीला मोजताना घासाघीस करणे, ‘एसी नाही, मग एवढे कशाला?’ असे विचारणे, ही घर मोडण्याचीच तयारी होय. स्लॅब टाकला की भाडे वाढवून मिळते, हे यजमानाला शहराच्या पाहुण्यानेच शिकविले आहे.

आणि हा पाहुणा परका तरी कोठे आहे? २००१ ते २०११ या दशकात तत्कालीन अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. त्याच दशकात रत्नागिरीची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर उतरली. या वाढीत आणि त्या घटीत माणसे काही अंशी तीच आहेत. गिरणगावातील चाकरमानी १९८२ च्या संपानंतर विखुरला, त्याची मुले कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याणला घरे घेऊन राहिली. त्यांच्या गावच्या घरांना आज कुलपे आहेत. ती वर्षातून दोनदा निघतात, शिमग्याला आणि गणपतीला. कणकवली वा संगमेश्वराच्या आतील वाडीत स्वत:चे चौसोपी घर बंद असलेले कुटुंब मे महिन्यात तीस किलोमीटरवरच्या किनाऱ्यावर रिसॉर्टमध्ये दोन रात्री काढून येते, असा प्रकार अपवादात्मक राहिलेला नाही. घरी जायचे तर झाडलोट आली, विहिरीचा पंप आला, भाऊबंदकीतले जुने विषय आले. सुट्टीत ते नको असते.

वास्तविक कोकणाला हव्या असलेल्या खोल्या पुष्कळशा या कुलपांआड तयारच आहेत. नवे बांधकाम नको, सीआरझेडचा तंटा नको, डोंगर कापणे नको. अडचण आहे ती कागदाची. सातबाऱ्यावर आणि घरपत्रकावर आजोबांच्या नावाखाली वीस-पंचवीस वारस. कोणी डोंबिवलीत, कोणी बदलापुरात, कोणी न्यू जर्सीत. गावी राहिलेल्या एखाद्या चुलतभावाने किंवा वहिनीने दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढायचे ठरविले तर नोंदणीला मालकीचा पुरावा लागतो, कर्जाला बँक निर्वेध हक्क मागते, आणि सहहिस्सेदारांची संमती घेण्यासाठी पत्रव्यवहार सुरू झाला की ज्याने वीस वर्षांत घरपट्टीचा एक रुपया भरला नाही त्यालाही आपला हिस्सा आठवतो. ‘आई’सारखे धोरण त्या वहिनीच्या दारापर्यंत पोहोचून परत फिरते ते येथे. शासनाने सामाईक घरासाठी सोपे, ठरावीक मुदतीचे संमतिपत्र ग्राह्य धरले, ज्याने मालकी हक्काला बाध येणार नाही आणि कसणाऱ्या-राखणाऱ्याला व्यवसाय करता येईल, तर बरीच कुलपे निघू शकतील. १०५ गावांसाठी नियोजन करणाऱ्या यंत्रणेला हे काम पुलांपेक्षा स्वस्त पडेल.

तोवर उरतो तो कुटुंबांचा आपसांतील मार्ग. घरपत्रकावरची बहुतेक नावे वर्षातून एकदाच एका छपराखाली जेवावयास बसतात, ती गणपतीच्या दिवसांत. ठाण्याहून आणि दिव्याहून भरून सुटणाऱ्या गाड्यांनी ती सारी तेथे पोहोचलेली असतात. संमतीचा कागद पुढे करायला दीड दिवसाच्या गणपतीवाल्यांना सवड थोडी. पाच दिवसांचा गणपती असलेल्यांना गौरी जेवल्यानंतरची दुपार मिळते.